काचेवरचं कुंकू

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आई दृष्ट काढायला मिरच्या जाळायची तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने खोकायचे. म्हणून हे लिहायची लाज वाटतेय... पण लिहिते.

नव्वदच्या दशकाची अखेर. घर बंगळुरूच्या शिवाजीनगरला, आणि तिथल्याच एका संस्थेत माझी पीएचडी चालू होती. काम असं — हवा काढलेल्या पोलादी चेंबरमध्ये झिंक ऑक्साइडच्या वडीवर लेझर मारायचा. वडीतून उडालेली वाफ समोरच्या तापलेल्या नीलमाच्या तुकड्यावर बसते आणि अतिसूक्ष्म कणांचा थर चढतो. मग त्यावर अतिनील प्रकाश टाकून तो काय परत देतो ते बघायचं. माझे सगळे थर हिरवे चमकायचे. हिरवं म्हणजे स्फटिकात दोष. चांगला थर डोळ्यांना जवळजवळ काळाच दिसतो, त्याचा प्रकाश यंत्रालाच कळतो. तसा एक तरी जमला नाही तर थीसिस विसर, असं सरांनी बजावलं होतं.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सकाळी मी कोरा तुकडा बसवून चेंबर बंद केला. मग आमचे टेक्निशियन मंजुनाथ अण्णा आले. मेन स्विच पाडला, दारात कोहळा फोडला आणि सगळ्या यंत्रांना कुंकू लावलं — लेझर आत शिरतो त्या काचेवर, बरोबर मधोमध!

"अण्णा, काचेवर कशाला?"

"स्वल्पच लावलं, अक्का. आज त्याला आराम. दसरा होईपर्यंत हात लावू नका."

"सरी, ठीक आहे," म्हटलं आणि घरी गेले.

दसऱ्यानंतर मी अण्णांच्या आधी पोचले. किल्ली आम्हा विद्यार्थ्यांकडेही असायची. काचेवर कुंकू जसंच्या तसं वाळलेलं. अण्णांदेखत पुसलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून घाईघाईने अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसून टाकलं. मनातल्या मनात हसलेही. मग झाकण उघडलं.

तुकडा कोरा नव्हता. त्यावर साबणाच्या फुग्यासारखे रंग होते.

अंधाऱ्या खोलीत नेऊन तपासला. हिरवं नाही, काहीच नाही. आलेखाचं पेन मात्र अतिनील भागात सरळ वर गेलं. इतका स्वच्छ थर आमच्याकडे कुणाचाच झाला नव्हता.

"कंडिशन्स काय होत्या?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. लेझर चालवलाच नाही."

"म्हणजे सुट्टीत चोरून चालवलास, आणि आता सांगायची लाज वाटतेय."

मी कुंकवाचं सांगू लागले. लेझर त्या काचेतून गेला असता तर कुंकू जळलं असतं ना! पण काच लखलखीत होती, आणि दाखवायला उचललेला लाल बोळा माझ्याच हातात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात अण्णा उभे होते.

"पूजेच्या दिवशी चालवलंत, अक्का? आधी सांगायचं, मी पूजाच केली नसती."

पुन्हा त्यांनी मला अक्का म्हटलं नाही.

कंडिशन्सची नोंद नाही म्हणून तो थर थीसिसमध्ये गेला नाही. हिरव्या दोषांवरच कशीबशी पदवी मिळाली.

आज मी यशवंतपूरच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. लॅबच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की मुलांना झापते. आणि दर आयुधपूजेला चेंबरमध्ये कोरा तुकडा ठेवून काचेवर स्वतः कुंकू लावते. कुणी विचारलं तर व्हॅक्यूम तपासतेय म्हणून सांगते. तुकडा दरवर्षी कोराच निघतो, आणि दरवर्षी मला रडू येतं. त्या वेळी काय झालं, मला अजून कळलेलं नाही.

अ‍ॅसिटोनची बाटली मात्र त्या दिवशी मी कपाटात कुलपात ठेवते.