ओल्या रंगावरचा तळवा

बाबा दुर्ग स्टेशनवरून भिलाईच्या कारखान्यावर सवाऱ्या नेत. कारखाना अजून उभा राहत होता. रोज नवे साहेब उतरत, आमची गंजलेली टॅक्सी बघत आणि मागच्या चकचकीत गाडीत जाऊन बसत. बाबांचा जीव तुटायचा, ते ताटावरून अर्धपोटी उठायचे. शेवटी गाडी रंगवायची ठरली.

दुकान निवडायला ते आईला आणि मला घेऊन निघाले. मला वाटलं, मिरवायला. खरं कारण आईचे हात होते. वर्ध्याकडच्या आमच्या गावात तिच्यासारखं कुणी सारवत नसे. भुईतला बारीक खडाही तिच्या तळव्याला कळे.

दुर्गच्या दुकानात नुकत्याच रंगवलेल्या जीपवर तिने हात फिरवला. "वरून चमकून राहिलं, खाली खड्डेच खड्डे हायेत." कुम्हारीच्या दुकानदाराने थंड सोडा पाजला. आईने सोडा संपवला, त्याने रंगवलेली एक गाडी चाचपली आणि नको म्हणाली. काय ऐट होती तिची! खुर्सीपारचा म्हातारा रंगारी मात्र म्हणाला, "अभी हवा कारखाने से आ रही है, लाल धूल चिपकेगी. हवा पलटने दो."

"इथंच देऊ," आई म्हणाली.

हवा पलटल्यावर गाडी रंगली आणि आम्ही बघायला गेलो. आकाशी रंग! बाबा गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. तेवढ्यात आईने, सारवलेली भुई वाळली का बघावं तसा, दारावर तळवा टेकवला. रंग ओला होता. पाचही बोटं उमटली.

"अक्कल नाही का तुले? कोनं सांगतलं होतं हात लावाले?" बाबा सगळ्यांदेखत ओरडले.

म्हाताऱ्याने हसत दार घासलं, पुन्हा रंगवलं. डाग उरला नाही. साहेब आमच्या टॅक्सीत बसू लागले, बाबा पोटभर जेवू लागले.

आईने मात्र त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही. कुठे निघालो की हात पदरात गुंडाळून दारापाशी उभी राही. मला बाबांचा भारी राग यायचा.

"बस ना," ते म्हणत. ती उभीच. मग बाबा उतरत, वळसा घालून येत आणि दार उघडून धरत. शेजारणी खिदळत, "मेमसाब झाली वो बाई!"

माफी त्यांनी कधी मागितली नाही. पुढे गाडी विकली. तरी आई बाजारातून येताना दिसली, की बाबा हातातलं काम टाकून उठत आणि घराचं दार उघडून धरत.