तो पाणी प्यायला का?

आयुष्यात मी एकाच माणसाला ख्रिस्ती केले, आणि तेही शुद्ध मराठीच्या हट्टापायी. ते माणूस म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

त्या वेळी मी गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवीत असे. शाळेनंतर एका मिशनरी बाईंना मराठी शिकवण्याचे काम मला मिळाले. आमच्या वाडीत त्यांना सगळे 'मडम' म्हणत. त्या राहत माझगावात. आठवड्यातून तीन दिवस मी घोड्याच्या ट्रामने भायखळ्यापर्यंत जाई आणि पुढे चालत. हे कळल्यावर चुलत्यांनी मला बोलावून घेतले.

"तिथे चहा घेऊ नकोस," ते म्हणाले. "आज चहा, उद्या पाव आणि परवा बाटलास!"

मी चहा घेतला नाही. तीन वर्षांत त्या घरी पाण्याच्या थेंबालाही शिवलो नाही. या निग्रहाचा मला फार अभिमान होता.

मडम विलायतेहून पुस्तकी मराठी शिकून आल्या होत्या. शब्द भरपूर, पण लिंग त्यांना काही केल्या वश होत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला देव किती 'चांगली' आहे ते समजावून सांगितले. दर रविवारी त्या बायकांपुढे प्रवचन करीत, आणि त्याचा मजकूर आधी माझ्याकडे देत. "पंडितजी, फक्त चुका सुधारा," असे त्यांचे सांगणे असे. मी चुका सुधारू लागलो. मग वाक्ये सुधारली. वाक्ये सुधारली की शेजारची वाक्ये ओशाळवाणी दिसत, म्हणून तीही बदलावी लागत. त्यांच्या धर्मातले मला काही पटत नव्हते, पण वाईट मराठी मला सोसवत नसे. वर्षभराने अशी वेळ आली की धर्म त्यांचा आणि प्रवचन माझे.

हे मजकूर मी घरी आक्काला वाचून दाखवी. आक्का चौदाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे परत आली होती. डोक्यावरचे केस गेले, अंगावर विधवेचे तांबडे आलवण आले, आणि स्वयंपाकघर तिच्या वाट्याला आले. घरातले कोणी चांगल्या कामाला निघाले की ती आपणहून दाराआड होई. तिला ते कधी सांगावे लागत नसे. तिचा हा समजूतदारपणा आम्ही सगळे वाखाणत होतो. तिला वाचता येत नव्हते, म्हणूनच ती माझ्या उपयोगाची होती. ज्या वाक्याला तिचा कामातला हात थांबे ते वाक्य बायकांना कळणार नाही, असे मी धरून चाले.

एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती आणि मी विहिरीवरची गोष्ट वाचत होतो. भर उन्हात एक बाई एकटीच पाण्याला येते. तिच्या जातीच्या हातचे कोणी पीत नसते. विहिरीपाशी थकून बसलेला प्रभू तिच्याकडे पाणी मागतो आणि मग तिच्याशी पुष्कळ बोलतो. मडमनी 'पाणी विचारले' असे लिहिले होते, ते मी 'पाणी मागितले' केले होते. आक्काचा हात थांबला.

"शब्द अडला का?" मी विचारले.

"शब्द नाही अडला. तो पाणी प्यायला का?"

मी कागद वरखाली पाहिला. "ते लिहिलेलं नाही."

"मग विचार तुझ्या मडमला."

मी विचारले. मडमनी आपला ग्रंथ काढला, ते पान दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. "लिहिलेले नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षे मी ही गोष्ट सांगते आहे. माझ्या ध्यानातच आले नाही. तुम्हाला काय वाटते, पंडितजी?"

"मी फक्त व्याकरण पाहतो, मडमसाहेब."

घरी येऊन आक्काला सांगितले. तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. मग म्हणाली, "प्यायला असणार. ज्याला प्यायचं नसतं, तो मागत नाही."

त्यानंतर ती स्वतःहून विचारू लागली, "आज काय आणलंयस?" मला वाटले, माझ्या भाषेची गोडी लागली. मी आणखी मन लावून लिहू लागलो.

वर्षभराने एका सकाळी ती लुगड्याची वळकटी काखेत घेऊन दारात उभी राहिली.

"मी माझगावला जाते," ती म्हणाली. "मडमशी माझं बोलणं झालंय. येत्या रविवारी बाप्तिस्मा."

माझी बायको किंचाळून खालीच बसली. मी शास्त्रे काढली, आईवडिलांची शपथ घातली, आणि काहीच लागू पडेना तेव्हा ओरडलो, "अगं, ती वाक्यं माझी आहेत! सगळं मी लिहिलंय, आणि माझा त्यातल्या एका अक्षरावर विश्वास नाही!"

"ठाऊक आहे मला," आक्का शांतपणे म्हणाली. "टपालवाला आपली पत्रं थोडीच वाचतो?"

आणि ती गेली. त्या दिवशी दाराआड कोणी झाले नाही.

जातीतली वडील मंडळी जमली. चुलते अध्यक्षस्थानी होते. घर बाटले म्हणून मला प्रायश्चित्त सांगण्यात आले. मी पंचगव्य घेतले. प्रवचने कोणी लिहिली, हे कोणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. मी चहा प्यालो होतो का, एवढे मात्र तिघांनी विचारले. बायकोने आक्काचा कोपरा सात वेळा सारवला आणि तिचे नाव घरात काढायचे नाही, असे ठरवले. माझगावचे काम मी सोडले. एकदाच मडमचा गडी एक कागद घेऊन आला. आक्काची हकीकत त्यांनी आपल्या मासिकासाठी मराठीत लिहिली होती आणि नेहमीप्रमाणे चुका सुधारून हव्या होत्या. त्यात 'तिची भाऊ कठोर दगड होती' असे वाक्य होते. मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग 'तिचा भाऊ दगडासारखा कठोर होता' असे करून कागद परत पाठवला.

पुढे दोनेक वर्षांनी मुंबईत गाठीचा ताप आला. चुलते आणि बाकीची वडील मंडळी मिळेल त्या बोटीने कोकणात गेली. वाडी ओस पडली. आम्हीही निघणार, तोच बायकोला ताप भरला आणि काखेत गाठ दिसली. उरलेल्या एका शेजाऱ्याने जिन्यातूनच विचारपूस केली आणि त्याच पावली तोही स्टेशनावर गेला. मी माझगावला निरोप पाठवला. आक्का मिशनच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करते, एवढे कानावर होते.

ती तासाभरात आली. पांढरे लुगडे, डोक्यावर वाढलेले करडे केस. मला वाटले, बायको तिला शिवू देणार नाही. पण बायकोने डोळे उघडले आणि म्हणाली, "वन्सं, पाठ फार दुखतेय हो." आक्का बारा दिवस राहिली. तिने डॉक्टर आणला, गाठ शेकली, अंथरुणे उकळली, पेज भरवली. दुपारी बायकोला डोळा लागला की ती खिडकीपाशी हात जोडून ओठांतल्या ओठांत बोले. बायको वाचली.

साथ ओसरली आणि मंडळी परतली. चुलते जाब विचारायला आले. "ख्रिस्तीण तुझ्या स्वयंपाकघरात वावरत होती म्हणे?"

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "वावरत होत्या. तुम्ही असता तर तुम्हालाच बोलावलं असतं."

चुलते उठून गेले. दुसऱ्या प्रायश्चित्ताचा विषय कोणी काढला नाही.

बायकोच्या मते तिला कुलदेवीने वाचवले. तापात तिने नवस बोलला होता. तो फेडायच्या दिवशी तिने आक्काला आग्रहाने बोलावले आणि आपल्या शेजारी पाटावर बसवले. बायकोने देवीच्या नावाने घास बाजूला काढला. आक्काने मान खाली घालून आपल्या प्रभूचे आभार मानले. दोघींनाही दुसरी काय करते आहे ते दिसत होते आणि दोघीही खुशीत होत्या. मी मात्र आभार कोणाचे मानावेत ते न कळून हात आवरून बसलो होतो. आक्का म्हणाली, "जेव रे, भात निवतोय."