आधी आतली कडी, मग झेंडूचा हार

दसऱ्याच्या सकाळी नागपूरच्या मनीषनगरहून निघालो तेव्हा गाडीत नारळ, पेढे, झेंडूचा हार आणि मागच्या सीटवर नवी साडी नेसलेली माझी आई होती. डीलरकडून कॅम्पर व्हॅन ताब्यात घ्यायला तिला कशाला, असं सुहास, म्हणजे माझा नवरा, निघेपर्यंत विचारत होता. मी म्हटलं, गाडी तिच्यासाठी, तर तपासणार कोण?

आईची मोठी बहीण जबलपूरला असते. दोघींची भेट होऊन बरीच वर्षं झाली. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आईला वॉकर लागतो, आणि लघवीला लागली की धीर धरवत नाही. मागच्या वेळी जबलपूरला निघालो तेव्हा सिवनीच्या अलीकडे एका ढाब्यावर संडासाला आतून कडीच नव्हती. मी बाहेरून दार धरून उभी, मागे ट्रकवाल्यांची रांग. आई तिथूनच परत फिरली आणि त्यानंतर तिनं नागपूर सोडलं नाही. मावशीचा फोन आला की आई थंडीत येते म्हणते, थंड्या येतात आणि जातात. मला व्हॅनमध्ये फ्रिज-बिज नको होता, चाकांवरचं एक नीट बाथरूम हवं होतं. ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, डाव्या हाताला धरायला दांडा आणि कडी कमरेएवढ्या उंचीवर, कारण आईचा उजवा हात खांद्यातून वर जात नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीकडचे रस्ते गर्दीमुळे वळवलेले असतात, तेव्हा त्या दिवशी बाहेरून येणाऱ्यांनी शहरात शिरूच नये. आम्ही रिंग रोडनं वाडीला निघालो. तिथे गरम सांबारवडी मिळाली. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात, नाव ऐकून वाटी शोधू नका. तिघांचा नाश्ता दोनशेच्या आत झाला. आईनं मात्र पाण्याला हात लावला नाही. घराबाहेर ती पाणी पीतच नाही.

अमरावती रोडवरच्या डीलरच्या शोरूममध्ये आमची पांढरी व्हॅन फुगे लावून उभी होती. मॅनेजर गावंडे आरतीचं ताट घेऊनच पुढे आले. इथे एक सांगते, गाडी घेणार असाल तर हार आधी घालू देऊ नका. एकदा हार पडला, फोटो निघाला, की खोट काढायची आपल्यालाच लाज वाटते. मी हार पिशवीतच ठेवला आणि टपावर पाण्याचा पाइप सोडायला लावला. मागच्या खिडकीतून थोडं झिरपलं, रबर नीट दाबल्यावर थांबलं. टाकी भरून नळ, फ्लश, सगळं चालवून पाहिलं. गाद्यांवर झोपूनही पाहिलं. गावंडे घड्याळाकडे बघत होते, सुहास माझ्याकडे.

मग आई बाथरूममध्ये गेली. दांडा डावीकडे, अगदी हवा तिथे. दार लागलं. कडीचा आवाज काही येईना. आत तिचा हात नुसता घासत होता. कडी दाराच्या वरच्या टोकाला बसवली होती.

दार उघडून आई म्हणाली, "राहू दे वं. तू बाहेरून धरून ठेवजो."

एवढा उपद्व्याप करून मी पुन्हा त्या ढाब्याच्या दाराशीच उभी होते.

खाली घ्यायला सांगितली तर कळलं, आज होणार नाही. कारागिरांनी पाने-पेचकस धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडले होते. दसऱ्याला हत्यार कोण उचलेल? त्यांचं बरोबरच होतं. गावंडे म्हणाले, "मॅडम, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? आज मुहूर्तावर न्या, सर्व्हिसिंगले आली की करून देतो."

सुहासही हळूच म्हणाला की घरी सुतार बोलावू. पण मी आम्हाला ओळखते. घरी आलेल्या गाडीची 'नंतर करू' म्हटलेली कामं तशीच राहतात, आणि दार मीच धरणार. मी म्हटलं, "कडी खाली येईपर्यंत सही नाही." गावंडेंनी ताट टेबलावर ठेवलं.

सगळ्यात जास्त चिडली ती आई. दसऱ्याचा मुहूर्त सोडला म्हणून. हार घरच्या दाराला लावला. संध्याकाळी तिला आपट्याचं सोनं दिलं, तर तिनं ते घेऊन तोंड फिरवलं. मला वाईट वाटलं, पण निर्णय बदलावासा वाटला नाही.

पुढच्या शनिवारी गावंडेंचा फोन आला, काम झालं. शनिवारी लोखंड घरी आणतात का, म्हणून आई यायला तयार नव्हती. मी आणि सुहास गेलो, डाव्या हातानं दांडा धरून कडी मी स्वतः उजव्या हातानं, हात वर न उचलता, लावून-काढून पाहिली, सही केली आणि व्हॅन घेऊन आलो. हार नव्हता. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तोही घुश्शातच. मग वॉकर टेकत ती पायरी चढली, आत गेली.

सवयीनं मी दाराशी जाऊन उभी राहिले, हात दारावर. आतून खटकन कडी बसली.

"कोण उभं आहे वं तिथं?" आई आतून म्हणाली. "जाय तू. आन् येताना मले पाणी आनजो."