आत्याचं माणिक हिरवं पडलं तेव्हा

चाळीसच्या दशकात मी सांगलीच्या कॉलेजात सायन्स शिकत होतो आणि सुटीत साताऱ्याला आलो की घरादाराला शिकवत होतो. कुणी विचारत नसे, पण म्हणून मी थांबत नसे.

त्या उन्हाळ्यात आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. जावई तासगावचा, अंगाने भरदार. त्याला द्यायची माणकाची अंगठी आत्याच्या यजमानांची होती. ते गेल्यापासून तिने ती देवाजवळ जपली होती. जावयाच्या बोटाचं माप आलं आणि अंगठी वाढवायची वेळ आली. आत्या मला घेऊन आमच्या नेहमीच्या म्हाताऱ्या सोनाराकडे निघाली.

सोनार जुना असला तरी 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' हे आत्याचं वेदवाक्य होतं. रीत अशी, की सांधा जोडायला डाख द्यायच्या आधी खडा कोंदणातून काढायचा, नाहीतर ओल्या मातीने झाकायचा. आत्याला दोन्ही नामंजूर. खडा डोळ्यांसमोर दिसत राहिला पाहिजे, बदलायला वाव नको. सोनाराने दोनदा समजावलं. माणिक एवढ्या आचेला भीत नाही असं पुस्तकात आहे, मी ठोकून दिलं. ते खरंच होतं. पुढचं पान तेवढं मी वाचलं नव्हतं.

त्याने अंगठी कापली, सोन्याचा तुकडा बसवला आणि फुंकणी लावली. डाख वितळला आणि आमच्यादेखत लालबुंद माणिक हिरवट करडं पडलं.

आत्या ओरडली. दुकानातल्या दोन बायका उठून पुढे आल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडलो सायन्सवाला.

"काच आहे ही," मी म्हणालो. "खडा बदललाय."

त्या दोघींना एवढं पुरे होतं. बातमी घेऊन त्या पायऱ्या उतरल्यासुद्धा. आत्या अंगठी पाण्यात टाक म्हणाली, मी चिमट्याकडे हात नेला, तसं सोनाराने माझं मनगट धरलं.

"तडकंल त्ये. जरा निवू द्या, मग बोला काय बोलायचं त्ये."

निवता निवता खडा मळकट झाला, मग कडेने गुलाबी, आणि शेवटी होता तसा डाळिंबाचा दाणा. आत्याने अंगठी कपाळाला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॉलेज उघडल्यावर प्रोफेसरांना विचारलं. माणिक निव्वळ शुद्ध असतं तर पाण्यासारखं बिनरंगी असतं, ते म्हणाले. त्यात किंचित क्रोमियम मिसळलेलं असतं म्हणून ते लाल. तापलं की स्फटिक जरासा फुगतो, क्रोमियम प्रकाशातला वेगळा रंग गिळतं आणि खडा हिरवा दिसतो. निवला की पुन्हा लाल. म्हणजे हिरवं पडणं हीच खऱ्या माणकाची खूण होती, आणि तीच पाहून मी खड्याला काच म्हणालो होतो.

दिवाळीत साताऱ्याला येताच सोनाराकडे गेलो. सणाचे दिवस, तरी दुकान रिकामं. चूक कबूल केली, क्रोमियमपासून सगळं सांगितलं.

"मला कशापायी सांगता? खडा खरा हाय ह्ये मला ठावं हाय. त्या दोघींस्नी सांगा."

दोघींचीही घरं शोधून काढली. कुणी बस म्हटलं नाही. दारात उभा राहून मी माणिक हिरवं का पडतं ते सांगितलं, शेजारपाजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.