एका दमाचा फोटो

सर्व संबंधितांना गांभीर्यानं कळवण्यात येते की, सोडण्याआधी माशाचा फोटो कधी काढावा, हा प्रश्न पुसदमध्ये निकाली निघाला आहे.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, कापसाचा जिनिंग कारखाना थंडावला आणि तिथले फिटरभाऊ रोज धरणावर गळ टाकू लागले. गळ्यात माळ, म्हणून मासा सोडून द्यायचे. रिकाम्या हातांवर बायकोचा विश्वास बसेना. फोटो हवाच; तो काढायला मी सोबत. भाऊंचा नियम एकच:

"मासा पान्याबाहेर, तवर मीबी श्वास घेत नाही. माहा दम सरला का सोडला!"

परवा हातभर रोहू लागला. मी मोबाइल चाचपडत राहिलो. भाऊंचे गाल फुगले, डोळे बाहेर आले. मी बटण दाबलं, तोवर रोहू पाण्यात; फोटोत उरले ते फुगलेले गाल आणि डोळे.

वहिनींनी फोटो निरखून पाहिला.

"अवो, मासा तं खरंच मोठा हाय! पण यात तुमी कुठी हा?"