जास्वंदीच्या पानावरचा दादा

पान दिवसा पीठ करतं, हे मी धारूरजवळच्या एका शाळेत नोकरीभर शिकवलं. ऊन, पाणी आणि हवा यांतून आधी साखर होते. ती लगेच लागली नाही, की पान तिचे बारीक दाणे करून स्वतःतच साठवतं. हेच पिष्ट. अंधार पडला की तेच पान ते दाणे मोडतं, त्यांची पुन्हा साखर करतं आणि देठावाटे मुळांकडे, कळ्यांकडे पाठवून देतं. एखादी फांदी दोन दिवस काळ्या कापडात बांधून ठेवली, तर तिची पानं बाहेरून हिरवीगार राहतात आणि आतून पार रिकामी होतात. अशा रिकाम्या पानावर मी फोटोची उलटी फिल्म, म्हणजे निगेटिव्ह, चिकटवून पान दिवसभर उन्हात ठेवायचो. फिल्ममधून ऊन जिथे आत शिरेल, तिथेच पीठ होणार. संध्याकाळी पान उकळायचं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढायचा आणि वर आयोडीन टाकायचं. पीठ असेल तिथे निळंकाळं होतं, आणि पांढऱ्या पानातून चेहरा वर येतो. गावोगावी हे दाखवून मी शेवटी म्हणायचो, "यात भूत नाही, बाबा नाही." एकदाच मी ते वाक्य बोललो नाही. त्याबद्दल आता लिहितो आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, तीन वर्षांपूर्वी चैत्रात भर दुपारी घरातून चालत निघाला तो परत आला नाही. त्याला विसर पडू लागला होता. वहिनींचं घर आणि माझं घर लागून आहे. मधे अंगण आणि अंगणात दादाने लावलेली जास्वंद. आम्ही पत्रकं छापली, खाली माझा नंबर टाकला. मग फोन येऊ लागले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात एक बेवारस म्हातारा आणलाय, परळीच्या स्टेशनवर एक जण बसून आहे. प्रत्येक वेळी वहिनी भाकरी बांधून एसटीत चढायच्या, मी त्यांच्या मागे. प्रत्येक वेळी भलताच कुणी मान वर करून आमच्याकडे बघायचा. वर्षभरात मी थकलो. जे केलं त्याला एवढंच कारण आहे.

पुढच्या चैत्रात वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला देवाला कौल लावायचाय. हायेत का न्हाईत, एकदाचं कळू दे."

देवाच्या अंगाला पाकळी चिकटवायची आणि ती कोणत्या अंगाला पडते यावरून उत्तर समजायचं, असा तो कौल. आयुष्यभर मी त्याविरुद्ध भाषणं केली. पण त्या दिवशी मला भीती वाटली ती वेगळीच. पाकळी उजवीकडे पडली, म्हणजे 'आहेत' असं निघालं, तर पुन्हा एसटी.

मी म्हणालो, "देवळात कशाला? दादाने लावलेल्या झाडालाच विचारू."

पत्रकावरचा फोटो फ्लेक्सच्या दुकानात होताच. तो उलटा करून पारदर्शक कागदावर छापून घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, हा तर भुतावानी दिसायलाय." मी हसलो. जास्वंदीच्या फांदीला काळं कापड गुंडाळलं आणि पिठ्या ढेकणाची कीड पडलीय असं वहिनींना सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या देवळात गेल्या असताना कापड काढलं, एका पानावर फिल्म लावली.

दिवेलागणीला त्यांच्याच स्वयंपाकघरात ते पान आणलं. फिल्म माझ्या खिशात होती. पान उकळलं, मग गॅस बंद करून गरम पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटची वाटी ठेवली. पानाचा रंग उतरत गेला आणि ते प्रेताच्या नखासारखं झालं. मी म्हणालो, "दादा या जगात असला तर पान कोरं राहील. नसला तर दिसेल."

आयोडीन टाकलं. फोटोतल्या पांढऱ्या टोपीची जागा कोरीच राहिली. तिच्याखाली कपाळाची कड आली, मग मिशी, मग डोळ्यांच्या जागी दोन डाग. वहिनींनी पदर डोक्यावर ओढला.

"आले," त्या म्हणाल्या.

मी आयोडीनच्या बाटलीला बूच लावलं.

वैशाखात अंत्यविधी केला. देह मिळालेला नसला की पळसाची पानं आणि दर्भ यांचा पुतळा करतात. त्याला कणकेचं तोंड बसवायचं होतं. देठ कापताना माझं बोट चिरलं. घरातलं तेच आयोडीन मी त्यावर लावलं, आणि विसरून त्याच बोटाने कणकेचा गाल सारखा केला. बघता बघता तिथे काळंनिळं बोट उमटलं. मंत्र थांबले. गुरुजींनी आधी पुतळ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. कणीक म्हणजेही पिष्टच, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी काडी पुढे केली. वहिनींनी कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं.

पोळ्याच्या आठवडाभर आधी लिंबागणेशहून फोन आला. बोलणारा देवळाजवळचा चहावाला होता.

"काका, हितं पायऱ्यावर एक बाबा हायेत. तुमच्या कागदावरच्या फोटोसारखेच. नाव सांगंनात."

मी म्हणालो, "आमचे वारले. दिवसही झाले."

"बरं. मंग हे कुनाचे?"

मी फोन ठेवला आणि वहिनींना काही बोललो नाही.

तोवर त्या जास्वंदीला भाकरी ठेवायला लागल्या होत्या. पान तोडू देत नसत. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "अहो, ऊन लई हाय, सरका जरा." मग थोडा वेळ शांतता, कुणी उत्तर देत असावं तेवढी. मी पुस्तक मिटून त्या शांततेकडे कान देऊन बसायचो. गेल्या ज्येष्ठात त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "भावजी, हे सारखं म्हनत्यात, मला हितं कावून आनलं ते भावजीला इचार."

त्याच दिवशी मी सांगून टाकलं. पीठ, फिल्म, आयोडीन, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी शिकलेली मान्सं. तुमाला काय दिसतंय."

मग मी त्यांच्या समोरच पुन्हा फांदी बांधली. या वेळी माझ्या स्वतःच्या फोटोची फिल्म लावली, ती उजेडात धरून त्यांना दाखवलीही. एवढं एक पान त्यांनी तोडू दिलं, ते संध्याकाळी आयोडीनमध्ये टाकलं. पानावर बारकावे येत नाहीत. आलं ते एका म्हाताऱ्याचं कपाळ, बसलेले गाल, दोन डाग.

वहिनी वाकून म्हणाल्या, "टोपी कुठं गेली ह्यांची?"

"वहिनी, हा मी आहे."

"तुमी कसे? तुमी तर हितं बसलात की."

मी वाटीत पाहिलं. तो दादाच होता. मला माझा चेहरा त्यात सापडेना. अंगणात बाहेर कुणी उभं आहे असं वाटलं, पण मी मागे वळलो नाही. मला माहीत असलेलं सगळं शास्त्र त्या वाटीपुढे संपलं होतं. उरला होता तो फोन. तो मी सांगितला.

वहिनी सरळ झाल्या.

"कधी?"

"गेल्या पोळ्याच्या आधी."

"कुनतं गाव?"

"लिंबागणेश."

त्यांनी वाटी मोरीत पालथी केली. "मी झाडाला भाकर घालीत व्हते, आन् त्ये पायरीवर भुके बसले व्हते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही गेलो. चहावाल्याने मला आवाजावरून ओळखलं. तो बाबा दिवाळीपर्यंत पायऱ्यांवर होता म्हणाला. लोक जेवायला द्यायचे. मग एका सकाळी दिसला नाही. कोणत्या रस्त्याने गेला, कुणी पाहिलं नाही. तो दादाच होता का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. कदाचित नसेलही. ज्या दिवशी ते कळलं असतं, तो दिवस मी फोन ठेवून घालवला.

"काका म्हनले वारले, म्हनून मी परत फोन केला न्हाई," चहावाला वहिनींना सांगत होता.

वहिनींनी पिशवीतून एक पत्रक काढलं, त्याच्याकडून पेन मागून घेतलं, माझा नंबर खोडला आणि स्वतःचा लिहिला. एकेक आकडा सावकाश, पोरीने गिरवावा तसा.

"हितून पुढं मला फोन कर, लेकरा," त्या म्हणाल्या. "ह्यांना करू नको."