सासूबाईंचा थंडीताप

हिवतापाच्या जंतूंकडून कर्करोगाच्या औषधाचा काही धडा मिळतो का, हे म्हणे आता शास्त्रज्ञ तपासताहेत. परवा मुलाने बातमी वाचून दाखवली आणि इतक्या वर्षांनी सासूबाई आठवल्या. पन्नासच्या दशकात, बदलापूर गावातल्या आमच्या घरात, हे खूळ सासूबाईंनी डोक्यात घेतलं होतं.

त्यांच्या छातीत गाठ होती. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. पुरुषांपुढे काढायचा तो विषयच नव्हता. त्यात थंडीताप, म्हणजे हाच हिवताप, लागला. दिवसाआड हुडहुडी भरायची, गोधड्या पुरायच्या नाहीत. ताप उतरला की मला आतल्या खोलीत बोलवायच्या.

"हात लाव. बसली का नाय?"

मी चाचपायची. कधी बारीक वाटे, कधी तेवढीच. खरं तर भीतीने माझी बोटंच बधिर होत. मी आपलं "बसतेय, आई" म्हणायची. जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरांनी दिलेलं कोयनेल, तापावरचं ते कडू औषध, त्यांनी चुलीत टाकलं. "तापच गाठीला खातोय, त्याला कशाला हाकलू?" इकडे बाईचा नुसता सांगाडा उरला होता. गाठ बरी की ताप बरा, हे मी कुणाला विचारणार?

अशात डी.डी.टी. फवारणारे गावात आले. भिंतींवर औषध मारलं की डास मरतात, ताप जातो, हे सासूबाईंनाही कळलं होतं.

"सांग, आतल्या खोलीत बाळंतीण हाय," त्या म्हणाल्या. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष पाऊल टाकत नसे.

पंपवाला दारात आला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून त्यांचे दात वाजलेले ऐकू आले. ही बाई आता टिकत नाही, असं वाटलं. मी म्हटलं, "या आत." त्यांना धरून अंगणात बसवलं. त्याच दिवशी नवऱ्याला गाठीचं आणि चुलीत गेलेल्या औषधाचं सांगून टाकलं. त्याने समोर बसून कोयनेल घ्यायला लावलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण भातकापणी उरकल्यावर.

ताप पुन्हा आला नाही. त्या उठून जेवू लागल्या. सुनेने सासूला वाचवलं, असं शेजारणी म्हणाल्या. संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या मला जवळ घ्यायच्या आणि माझा हात आपल्या कपाळावर ठेवायच्या. कपाळ गार असायचं. गाठ लिंबाएवढी झाली होती, आता चाचपायची गरज नव्हती. आणि पंपवाल्याला घरात घेणारी मी, रोज हात ठेवताना मनात म्हणायची, देवा, आज तरी तापू दे.